केंब्रिजचा विद्यार्थी नौका क्लब आणि प्रवेशाची रेषा

प्रस्तावना

महाविद्यालयाचा इतिहास लिहायला घेतला की आपण संस्थापक, देणगीदार, प्राचार्य, इमारती आणि परीक्षांचे निकाल यांच्यापासून सुरुवात करतो. जिमखाना, वाङ्मय मंडळ, उर्दू विभागाची बज्म-ए-अदब अशा विद्यार्थ्यांनी चालविलेल्या मंडळांचा उल्लेख वार्षिक अंकाच्या शेवटच्या पानांवर दोन-चार ओळींत उरकला जातो. वास्तविक विद्यार्थ्याच्या स्वभावाला वळण लागते ते पुष्कळदा अशा मंडळांतच. वर्गात तो ऐकतो. मंडळात मात्र त्याला निर्णय घ्यावे लागतात, वर्गणी गोळा करावी लागते, हिशेब द्यावा लागतो आणि ज्याच्याशी पटत नाही अशा सोबत्याबरोबरही काम निभवावे लागते.

प्रस्तुत लेखात अशाच एका मंडळाचा, म्हणजे इंग्लंडमधील केंब्रिज विद्यापीठाच्या विद्यार्थी नौका क्लबचा इतिहास पाहावयाचा आहे. हा विषय आपल्यापासून वाटतो तितका दूर नाही. सर सय्यद अहमद खान यांच्या अलीगढ कॉलेजचा आराखडा केंब्रिजकडे पाहूनच तयार झाला होता आणि त्या केंब्रिजच्या विद्यार्थी जीवनात नौका क्लबला मोठे स्थान होते. या क्लबने किती शर्यती जिंकल्या, याची मोजदाद येथे करावयाची नाही. या नौकेत कोणाला बसता येत होते, कोणाला येत नव्हते, आणि ती रेषा पुढे कशी सरकत गेली, हा या लेखाचा प्रश्न आहे.

विद्यार्थ्यांनीच काढलेला क्लब

केंब्रिज शहरातून कॅम नावाची नदी वाहते. विद्यार्थी तिच्यात हौसेने नावा वल्हवीत असतच. एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात त्या हौसेला संघटनेचे रूप आले. सेंट जॉन्स कॉलेजच्या विद्यार्थ्यांनी १८२५ मध्ये लेडी मार्गारेट बोट क्लब स्थापन केला. कॉलेजच्या संस्थापक लेडी मार्गारेट बोफर्ट यांचे नाव त्यांनी क्लबला दिले. या क्लबचे सदस्य भडक लाल रंगाचे कोट घालीत आणि त्यावरूनच ‘ब्लेझर’ हा शब्द रूढ झाला, असे सांगितले जाते. पाठोपाठ इतर कॉलेजांचेही क्लब निघाले. १८२७ मध्ये कॉलेजांच्या आपसातील शर्यती सुरू झाल्या आणि १८२८ मध्ये सर्व कॉलेजांचा मिळून विद्यापीठाचा नौका क्लब अस्तित्वात आला.

हा क्लब विद्यापीठाच्या अधिकाऱ्यांनी काढलेला नव्हता. अध्यक्ष विद्यार्थी, चिटणीस विद्यार्थी, नियम करणारेही विद्यार्थीच. ऑक्सफर्डशी होणारी जगप्रसिद्ध शर्यतही दोन विद्यार्थ्यांच्या दोस्तीतून निघाली. केंब्रिजच्या सेंट जॉन्सचा चार्ल्स मेरिव्हेल आणि ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्चचा चार्ल्स वर्ड्‌स्वर्थ हे हॅरो शाळेपासूनचे मित्र. वर्ड्‌स्वर्थ हा कवी विल्यम वर्ड्‌स्वर्थ यांचा पुतण्या. १२ मार्च १८२९ रोजी केंब्रिजने ऑक्सफर्डला आव्हान पाठविले आणि १० जून १८२९ रोजी थेम्स नदीवर हेन्ली येथे पहिली शर्यत झाली. तीत ऑक्सफर्ड जिंकले. दुसरी शर्यत १८३६ मध्ये लंडन येथे झाली. ती केंब्रिजने जिंकली आणि तेव्हापासून फिकट निळा हा केंब्रिजचा रंग ठरला. १८४५ पासून पटनी ते मॉर्टलेक हा मार्ग रूढ झाला. त्याची लांबी सुमारे ६.८ किलोमीटर आहे. १८५६ पासून महायुद्धांचा काळ वगळता ही शर्यत दरवर्षी होऊ लागली. २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे ती रद्द करावी लागली. आदल्या वर्षी हरलेल्याने जिंकलेल्याला नव्याने आव्हान द्यावयाचे, हा रिवाज आजही पाळला जातो.

अरुंद नदी आणि तिची शर्यत

क्लबची खरी मुळे मात्र वर्षातून एकदा लंडनला होणाऱ्या शर्यतीपेक्षा कॉलेजांच्या आपसातील शर्यतींत आहेत. कॅम नदी इतकी अरुंद आहे की अनेक लांब नौका तिच्यात शेजारी शेजारी धावू शकत नाहीत. या अडचणीतून ‘बंप्स’ नावाची शर्यत निघाली. अशी पद्धत ऑक्सफर्डला आधीपासून होती. या शर्यतीत नौका एकीमागे एक उभ्या करतात. दोन नौकांमध्ये दीड नौकेइतके अंतर असते. इशारा होताच प्रत्येक नौका पुढच्या नौकेचा पाठलाग करते. तिला गाठून स्पर्श केला की दुसऱ्या दिवशी दोघींच्या जागांची अदलाबदल होते. चार दिवस हा क्रम चालतो आणि अखेर जी नौका सर्वांच्या पुढे राहील ती नदीची मानकरी ठरते. पुढच्या वर्षीची शर्यत त्याच क्रमाने सुरू होते. म्हणजे आज नौकेत बसणाऱ्या मुलाला मागच्या तुकडीने मिळविलेली जागा राखावयाची असते आणि पुढच्या तुकडीच्या हाती ती सोपवावयाची असते.

या पद्धतीचा आणखी एक लाभ झाला. एकेका कॉलेजच्या दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या नौकाही खालच्या गटांत उतरू लागल्या. त्यामुळे ज्याने आयुष्यात वल्हे धरलेले नाही, अशा नवख्या विद्यार्थ्यालाही जागा मिळाली. आठजणांच्या नौकेत वल्हवणाऱ्यांची पाठ नौका ज्या दिशेने जाते त्या दिशेला असते. पुढचे पाणी फक्त सुकाणू धरणाऱ्या नवव्यालाच, म्हणजे कॉक्सलाच दिसते. बाकीच्या आठांनी त्याच्या शब्दावर विश्वास ठेवून एका तालात वल्हवावयाचे असते. नौकाही बदलत गेल्या. १८४६ च्या शर्यतीत वल्ह्याचा टेकू नौकेच्या काठाबाहेर काढण्यात आला आणि १८७३ मध्ये सरकणारी बैठक आली. त्यामुळे हातांबरोबर पायांची ताकदही वल्ह्यात उतरू लागली.

काठावरचे शिक्षक

क्लब विद्यार्थ्यांचा असला तरी शिक्षक त्यापासून अलिप्त नव्हते. १८५० च्या दशकात ट्रिनिटी हॉल कॉलेजचे तरुण अध्यापक लेस्ली स्टीफन आपल्या मुलांच्या नौकेबरोबर नदीकाठच्या वाटेने धावत जात आणि सूचना देत. हेच स्टीफन पुढे इंग्रजी साहित्याचे नामवंत समीक्षक झाले. लेखिका व्हर्जिनिया वुल्फ या त्यांच्या कन्या. दुसरे नाव स्टीव्ह फेअरबेर्न यांचे. ऑस्ट्रेलियातून जीझस कॉलेजात आलेल्या या विद्यार्थ्याने १८८२ ते १८८७ या काळात चार वेळा विद्यापीठाच्या नौकेत जागा मिळविली. पुढे मार्गदर्शक म्हणून त्यांनी शरीराच्या ठरीव, कवायतीसारख्या हालचालींवर भर देणारी जुनी शिकवण बाजूला सारली आणि वल्हे पाण्यात कसे चालते याकडे मुलांचे लक्ष वळविले.

केंब्रिजची स्वतःची पडझडही याच काळातली. १८६१ ते १८६९ अशी सलग नऊ वर्षे ऑक्सफर्ड जिंकत राहिले. १८७० मध्ये जॉन गोल्डी अध्यक्ष असताना ही पराभवांची मालिका तुटली. १८८२ मध्ये बांधलेल्या क्लबच्या नौकागृहाला गोल्डी यांचे नाव आहे.

पहिली रेषा : धर्म

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. १८२९ च्या नौकेतले तरुण एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसले होते. पण त्या नौकेपर्यंत पोहोचण्याआधीच कितीतरी तरुण वगळले गेले होते. केंब्रिजला प्रवेश मिळाला तरी १८५६ पर्यंत इंग्लंडच्या अधिकृत चर्चचा सदस्य असल्याचे जाहीर केल्याशिवाय पदवी मिळत नसे. अध्यापकपदांवरील असे निर्बंध १८७१ च्या कायद्याने उठले.

ज्या सेंट जॉन्स कॉलेजात लेडी मार्गारेट क्लब निघाला, त्याच कॉलेजचे जेम्स जोसेफ सिल्व्हेस्टर १८३७ मध्ये गणिताच्या ट्रायपॉस परीक्षेत दुसरे आले. ते यहुदी असल्याने त्यांना पदवी मिळाली नाही. केंब्रिजने त्यांना पदवी दिली ती १८७२ मध्ये, तोवर ते जगन्मान्य गणिती झाले होते. पुढे १८९९ मध्ये त्याच कॉलेजातून रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर झाले. मराठी घरांत रँग्लर परांजपे हे नाव अभिमानाने घेतले जाते. १८५६ चा बदल झाला नसता तर कोकणातून गेलेल्या त्या मुलाच्या वाट्यालाही सिल्व्हेस्टर यांचेच नशीब आले असते.

दुसरी रेषा : हाताला काम

धर्माची रेषा पुसट होत असतानाच दुसरी रेषा ठळक होऊ लागली. १८३९ मध्ये सुरू झालेल्या हेन्लीच्या नौका महोत्सवाच्या कारभारात ऑक्सफर्ड-केंब्रिजच्या माजी रोइंगपटूंचे मोठे वजन होते. या महोत्सवाने १८७९ मध्ये ‘हौशी’ खेळाडूची व्याख्या केली. जो मजुरी घेऊन मेकॅनिक, कारागीर किंवा मजूर म्हणून काम करतो अथवा पूर्वी करीत होता, तो हौशी खेळाडू नव्हे, असे त्या व्याख्येत म्हटले होते. वल्हवण्याबद्दल पैसे घेणाऱ्याला वगळले असते तर गोष्ट वेगळी होती. येथे सुतार, लोहार, गवंडी यांना त्यांच्या रोजीरोटीमुळेच बाहेर ठेवले गेले.

या नियमाविरुद्ध उभे राहिलेले एक प्रमुख गृहस्थ केंब्रिजचेच विद्यार्थी आणि पेशाने अभ्यासक होते. त्यांचे नाव फ्रेडरिक जेम्स फर्निव्हल. आपल्यासारख्या भाषाशिक्षकांना हे नाव परिचित असावयास हवे. जुन्या इंग्रजी ग्रंथांचे संपादन करणारी संस्था त्यांनी १८६४ मध्ये स्थापन केली आणि ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या आरंभीच्या काळात त्याचे संपादकपदही सांभाळले. लेस्ली स्टीफन यांचे ट्रिनिटी हॉल हेच त्यांचेही कॉलेज. लंडनमध्ये १८५४ मध्ये श्रमिकांसाठी सुरू झालेल्या वर्किंग मेन्स कॉलेजात ते शिकवीत. दिवसा कारखान्यात राबणारे आपले विद्यार्थी नदीवरच्या शर्यतीला अपात्र ठरतात, ही गोष्ट त्यांना सहन होण्यासारखी नव्हती. १८९० मध्ये त्यांच्या पुढाकाराने वेगळी राष्ट्रीय संघटना निघाली आणि तिने मजुरीचा अडसर मानला नाही. १८९६ मध्ये त्यांनी लंडनच्या हॅमरस्मिथ भागात मुलींसाठी नौका क्लब काढला. तेव्हा ते सत्तरी ओलांडलेले होते.

तरीही हेन्लीचा नियम लवकर बदलला नाही. १९२० मध्ये अमेरिकेच्या जॉन केली यांचा प्रवेश नाकारण्यात आला. त्यांच्या क्लबवर आधीपासून बंदी होती हे खरे. पण तरुणपणी त्यांनी गवंडीकाम केले होते, हेही एक कारण ठरले. त्याच वर्षी अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये केली यांनी सुवर्णपदक जिंकले. १९३६ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पोलिसांच्या नौकेलाही हेन्लीत उतरू दिले नाही. अखेर १९३७ मध्ये श्रमिकांना वगळणारे ते कलम गेले.

तिसरी रेषा : मुली

केंब्रिजमध्ये मुलींसाठी गर्टन हे कॉलेज १८६९ मध्ये आणि न्यूनहॅम १८७१ मध्ये सुरू झाले. न्यूनहॅमच्या मुलींनी १८९३ मध्ये आपला नौका क्लब काढला. या मुली व्याख्याने ऐकत, परीक्षा देत, उत्तम गुण मिळवीत. परंतु त्यांना विद्यापीठाची पदवी मिळत नसे. १८९७ मध्ये पदवीचा प्रस्ताव मतदानाला आला तेव्हा सायकलवर बसलेल्या मुलीचा पुतळा रस्त्यावर टांगून विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि प्रस्ताव फेटाळला गेला.

१५ मार्च १९२७ रोजी ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्या मुलींची पहिली शर्यत ऑक्सफर्ड येथे झाली. दोन्ही नौकांना शेजारी शेजारी वल्हवण्याची मुभा नव्हती. दोघी वेगवेगळ्या धावल्या आणि वेळेबरोबर वल्हवण्याच्या शैलीचेही गुण धरले गेले. काठावर टवाळी करणाऱ्यांची गर्दी होती. केंब्रिजतर्फे न्यूनहॅमच्या मुली उतरल्या होत्या. त्या दिवशी विद्यापीठाच्या नावाने वल्हवणाऱ्या या मुली त्या विद्यापीठाच्या पूर्ण सदस्य नव्हत्या. तो हक्क केंब्रिजने स्त्रियांना १९४८ मध्ये दिला, तर ऑक्सफर्डने तो १९२० मध्येच दिला होता.

मुलींचा विद्यापीठ पातळीवरचा क्लब १९४१ मध्ये स्थापन झाला. १९६४ पासून त्यांची शर्यत दरवर्षी होऊ लागली. मुलांच्या शर्यतीत कॉक्स म्हणून बसलेल्या पहिल्या तरुणी ऑक्सफर्डच्या स्यू ब्राऊन. ते वर्ष १९८१. केंब्रिजच्या नौकेचे सुकाणू १९८५ मध्ये हेन्रिएटा शॉ यांनी धरले. मुलींची शर्यत लंडनच्या त्याच मार्गावर, त्याच दिवशी व्हायला मात्र २०१५ साल उजाडले. २०२० मध्ये पुरुषांचा, स्त्रियांचा आणि हलक्या वजनाच्या खेळाडूंचा असे तीन क्लब एकत्र येऊन एकच क्लब झाला. १८२८ पासून १९२ वर्षांनी मुले आणि मुली एका क्लबचे सदस्य झाले.

अलीगढ आणि पुणे

१८६९ मध्ये सर सय्यद इंग्लंडला गेले, तेव्हा त्यांचे पुत्र सय्यद महमूद केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात दाखल झाले. परतल्यावर १८७३ मध्ये सय्यद महमूद यांनी नियोजित कॉलेजची योजना मांडली. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहतील असे निवासी कॉलेज, ही तिची मध्यवर्ती कल्पना केंब्रिजवरून घेतलेली होती. १८८३ ते १८९९ प्राचार्य असलेले थिओडोर बेक, त्यांच्यानंतर प्राचार्य झालेले थिओडोर मॉरिसन आणि अध्यापक टी. डब्ल्यू. अर्नोल्ड हे सारे केंब्रिजचे. अलीगढ शहरातून कॅमसारखी नदी वाहत नाही, त्यामुळे तेथे वल्ही पोहोचली नाहीत. क्रिकेट, वादविवाद मंडळ आणि निवासी जीवन मात्र पोहोचले. नौका क्लबमागचे तत्त्व, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः उभारलेली आणि चालविलेली संघटना, तेथे वेगळ्या रूपात अवतरले. १८९० मध्ये साहबजादा आफताब अहमद खान यांनी अंजुमन-उल-फर्ज म्हणजेच ड्यूटी सोसायटी सुरू केली. गरीब विद्यार्थ्यांना शिकता यावे म्हणून निधी जमविणे हे तिचे काम. केंब्रिजमध्ये ज्या काळात कारागिराला नौकेबाहेर ठेवण्याचे नियम चालू होते, त्याच काळात अलीगढचे विद्यार्थी आपल्यातल्या गरिबाला आत आणण्यासाठी चंदा मागत फिरत होते. मुलींच्या बाबतीत मात्र अलीगढलाही वेळ लागला. शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी तेथे मुलींची शाळा सुरू केली ती १९०६ मध्ये.

मराठी मुलखात विद्यार्थी नौका क्लबचे ठळक उदाहरण पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे. त्याचा बोट क्लब १९२८ चा, म्हणजे केंब्रिजच्या क्लबनंतर बरोबर शंभर वर्षांचा. मुळा-मुठेच्या संगमाजवळ विद्यार्थी दरवर्षी ‘रेगाटा’ भरवितात आणि पुणेकर तो पाहायला नदीकाठी जमतात. २०२२ मध्ये हे महाविद्यालय तंत्रज्ञान विद्यापीठ झाले, पण बोट क्लबची परंपरा सुटलेली नाही.

समारोप

ही रेषा पूर्ण पुसली गेली, असे मानून येथे थांबता आले असते. पण २०२५ मध्ये ती पुन्हा दिसली, आणि तीही आपल्या पेशापाशी. केंब्रिजच्या नौकांसाठी तयारी करणारे तीन विद्यार्थी अध्यापन प्रशिक्षणाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करीत होते. ही पदवी नसून पदविका आहे, असा आक्षेप ऑक्सफर्डने घेतला आणि नियमाचा अर्थ लावणाऱ्या समितीने तो मान्य केला. शिक्षक होऊ पाहणारे ते तिघे नौकेबाहेर राहिले. १३ एप्रिल २०२५ रोजी मुलांची आणि मुलींची, दोन्ही शर्यती केंब्रिजने जिंकल्या.

या इतिहासातून एक गोष्ट ध्यानात येते. क्लबने कोणाला वगळले तेव्हा त्याचे कारण प्रत्येक वेळी सभ्य भाषेत सांगितले गेले. कधी ते हौशीपणाचे रक्षण होते, कधी शैलीचा विचार, कधी पात्रतेचा नियम. आपल्या मंडळांत असे लेखी नियम सहसा नसतात. तेथे वेळापत्रकच नियमाचे काम करते. मी स्वतः काही वर्षे बज्म-ए-अदबचे काम पाहिले. सभा दुपारी चारला ठेवण्याचा रिवाज होता आणि मी तो तसाच चालू ठेवला. कॉलेज सुटल्यावर गॅरेजात कामाला जाणारी मुले कधीच येत नसत. त्यांना साहित्याची आवड नाही, असे मी समजत होतो. त्यांच्यातला एकजण उत्तम गझल म्हणतो हे मला कळले ते त्याच्या निरोप समारंभात. १८७९ च्या नियमातला ‘मेकॅनिक’ हा शब्द वाचताना मला तो मुलगा आठवला. शेवटची बस सहाला असल्याने सरावाला न थांबणाऱ्या मुलींचीही गोष्ट वेगळी नाही.

यासाठी नदीची किंवा नौकेची गरज नाही. पुढील वर्षी मंडळांच्या याद्या करताना आपण प्राध्यापकांनी एक वेगळी यादीही करून पाहावी. आपल्या वर्गातली कोणती मुले-मुली एकाही मंडळात नाहीत, त्यांची नावे लिहावीत आणि प्रत्येकाला कारण विचारावे. फर्निव्हल यांनी आपल्या विद्यार्थ्यांसाठी वेगळी संघटना उभारली. आपल्याला कदाचित फक्त सभेची वेळ बदलावी लागेल.